धक्क्याच्या विक्रीवर माझी सही

मी घर सोडलं त्या दुपारी आमच्या कशेळीच्या पुलावर कंटेनर अडकून पडले होते. बाबांनी माझी सुटकेस होडीत ठेवली आणि आमच्या धक्क्यावरून वल्हवत मला खाडीपलीकडे बाळकूमला नेलं. मुंबई बंदरात ते टगबोट चालवणारे सारंग होते. डोंगराएवढी जहाजं हळूच ढकलून जागेला लावायची, हे त्यांचं रोजचं काम. मला उतरवताना म्हणाले, "विमान चुकलं तं परत ये. मी हितंच हाय."

विमान चुकलं नाही. रॉटरडॅमला, बंदराच्या इतिहासाच्या एका ग्रंथालयात मी नोकरी करते. कुठल्या पुलाखालून केवढी बोट जायची, कुठला धक्का कधी बुजवला, हे जुन्या नकाशांवर भिंग धरून शोधायचं. दादूस, माझा मोठा भाऊ असून तू हसायचास. "टग बघाया तिकडं गेली? बाबाचा टग काय वाईट हाय?"

मग तू खाडीकाठची जमीन गोदामवाल्याला द्यायची ठरवलीस. जमीन वडिलोपार्जित, म्हणून मुलीचीही सही हवी होती. बाबांनी फोनवर एकच मागितलं: "तू शिकलेली हाय. कागद तूच वाच. आपला धक्का त्यात जायला न्हाय पायजे. माजी राख तिथूनच सोडायची."

कागद आले. मी शेवटचं पान काढलं, सही केली आणि परत पाठवले. बहिणीने भावाचे कागद तपासायचे नसतात, असं आपल्यात मानतात. एरवी कुठलीच रीत न पाळणाऱ्या मला नेमकी ही सोयीची वाटली.

यंदा बाबा गेले. कलश घेऊन आपण धक्क्याकडे निघालो, तर वाटेवर गोदामवाल्याची पत्र्याची भिंत आणि गेट. वॉचमन म्हणाला, "गेटपास दिखाओ, मॅडम. मालिक का ऑर्डर है."

तू म्हणालास, "खाडी एकच हाय गो. पुलावरून सोडू."

पुलावरून! जिथून लोक गाडी न थांबवता निर्माल्याच्या पिशव्या भिरकावतात, तिथून? ज्या माणसाने एका जहाजालाही धक्क्यावर आपटू दिलं नाही, त्याला वरून फेकायचं? मी भर रस्त्यात तुझ्यावर ओरडले. तू शांतपणे विचारलंस, "सही कुनी केली? वाचू नको, असं मी बोललो व्हतो काय?"



बाबांच्या टगवरचे खलाशी गोविंदकाका मागे उभे होते. ते वैतागून म्हणाले, "भांडाया जन्म पडलाय. पाण्याच्या अंगाला अजून गेट न्हाय लावलं. होडीत बसा." त्यांच्या होडीतून आपण खाडीच्या बाजूने धक्क्याला लागलो. निम्म्या पायऱ्या गोदामाच्या राडारोड्याखाली गेल्या होत्या. उरलेल्या पायरीवर उभी राहून मी राख सोडली. वरून वॉचमन शिट्ट्या मारत होता. दादूस, तू वल्हं धरून खाली बघत होतास.

लांब गेलेल्या सगळ्यांना एवढंच सांगते, कागद वाचा. भावावर प्रेम असलं तरी वाचा.

दादूस, मी तुला माफ केलेलं नाही, स्वतःलाही नाही. इथे रॉटरडॅमला एखादा धक्का बुजवलेला सापडला, तर मी तारीख टिपते आणि जेवायला जाते. कशेळीचा आठवला की जेवण राहून जातं. इतका राग मला दुसऱ्या कुठल्याच गावाचा येत नाही. घर कुठलं, असं कुणी विचारलं, तर मी अजून कशेळीच सांगते.