निवडुंग गेल्यावरचं कुंपण

माझी बायको सगुणा आणि मी, दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते मेंढरांच्या वाड्याचं खिंडार बुजवायचं. मी बोराटीच्या काटेरी फांद्या ओढत आणायचो, ती काठीनं दाबून बसवायची. "आवं, जरा नेटानं वढा की. लगेच म्हातारं झालासा?" त्याच दुपारी अंग कणकणतंय म्हणून घोंगड्यावर आडवी झाली, ती चार दिवसांत तापानं गेली. महिना होत आला... मी चार बुकं शिकलेला माणूस, गोड लिहायला येत नाही. सगुणा फटकळ होती, एवढं लिहितो.

कडेगावच्या पूर्वेला आमचा माळ. तिथं फड्या निवडुंग माजला होता. तो इथला नव्हेच. कुठून आला देव जाणे, पण दरसाल चरायची जागा खायचा, मेंढरांच्या तोंडात काटे भरायचे. मग वाईकडच्या एका पाहुण्यानं कीड लागलेली फडं टोपलीतनं आणली. कापसागत पांढरी कीड, चिरडली की बोटं लाल. आम्ही ती माळावर जागोजागी अडकवली. बघता बघता निवडुंग सडून बसला. गावानं गूळ वाटला. सगुणानं तो हातात धरला, खाल्ला नाही.

"ससं, तित्तर समदं त्यातच ऱ्हात हुतं," ती म्हणाली. "त्येंच्यावर लांडगा जगत हुता. आता त्यो कुणाकडं जेवाय जाईल?"

"तुज्याकडं, वैनी!" माझा धाकटा भाऊ धोंडी हसला.

"व्हय. आन् वाड्याचं कुपान बी निवडुंगाचंच हाय, भावजी. कीड काय इचारून थांबनार हाय?"

थांबली नाही. कुंपण बसलं, लांडग्यानं दोन कोकरं नेली. मेंढ्या व्यायला आलेल्या. सगुणानं वाड्याभोवती शेराच्या, त्या चिकाच्या झुडपाच्या, फांद्या लावल्या; पण शेर दाट व्हायला वर्षं लागतात, तोवर बोराटीचाच आधार. रोज संध्याकाळी ती कुंपण हलवून बघायची. सैल लागलं की मला हाक...

तिला माती दिली त्या दिवशी वाड्याकडं कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर कुंपणाच्या कडेकडेनं लांडग्याची पावलं. वाट न सापडून माघारी गेलेली. आत एक मेंढी व्यायली होती, कोकरू अजून ओलं होतं.

मी कुऱ्हाड उचलली. धोंडी आडवा आला. "दादा, सुतक हाय. हात लावायचा न्हाई कामाला."

"लांडग्याला हाय का सुतक?"

तो बाजूला झाला. मी ओढ्याकडं जाऊन बोराटी तोडली आणि कुंपणावर आणखी एक थर चढवला.