अक्काचं हौदम्मा

दुसऱ्याच्या ताटातलं मला नेहमी जास्त दिसतं. आई म्हणायची, हिला स्वर्गात नेऊन बसवली तरी शेजारणीला खिडकीजवळची जागा कशी मिळाली म्हणून ही तोंड फुगवून बसेल. आईचं काही चुकलं नव्हतं. माझे दात गेले, डोळे गेले, पण ही खोड काही गेली नाही. तेव्हा पुढचं वाचताना मला कुणी भली बाई समजू नये.

आमचं निपाणीकडचं गाव म्हैसूर राज्यात गेलं, त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन बंगलोरला आले. नवरा यशवंतपूरच्या मालधक्क्यावर कामाला होता. माणूस सरळ, पण घुमा. त्याचं आठवड्याचं बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. मूलबाळ झालं नाही. घरात बसून भिंतींशी किती बोलणार, म्हणून मी एका मोठ्या इस्पितळात कामाला लागले. आता त्या कामाला चांगली चांगली नावं आली आहेत असं ऐकते. आमच्या वेळी आम्ही नुसत्या आया. निळ्या काठाचं पांढरं जाडंभरडं लुगडं नेसायचं आणि बायकांच्या वॉर्डातल्या वीस खाटांचं सगळं करायचं. अंग पुसणं, बेडपॅन देणं, भरवणं, चादरी बदलणं, पडून पडून पाठ सोलवटू नये म्हणून पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावणं. नर्सबाई सुई टोचून पुढं जायच्या. माणूस आमच्या हातात असायचं.

भाषेची अडचण नव्हती. कन्नड मला लहानपणापासून येतं, आमच्याकडं बाजार कन्नडमध्येच व्हायचा. पण मराठीत बसून दोन कुचाळक्या करायला मिळून वर्ष होऊन गेलं होतं, आणि त्यानं मला आतून सुकल्यासारखं झालं होतं.

वॉर्डात माझ्या जोडीला एक आया होती. तुमकूरकडची, माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी. तिला डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे अक्का म्हणायचे. काम मला तिनंच शिकवलं. ओल्या फडक्यानं पुसताना दुसऱ्या हातानं चादर कशी धरायची, म्हणजे बाईचं अंग एका वेळी वीतभरच उघडं पडतं. लोखंडी बेडपॅन आधी गरम पाण्यानं कसं शेकून घ्यायचं, म्हणजे गारठ्यानं बाई दचकत नाही. मी सगळं शिकले, अगदी तस्सं करायला लागले. तरी पेशंट हाक मारायचे ते अक्कालाच. मी समोर उभी असले तर माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत ‘अक्का इल्वा?’, अक्का नाही का, म्हणून विचारायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या हाताला काय सोनं लागलंय, हे मला कळत नव्हतं.

अशात एक दिवस कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी आली. पुण्याकडची, मुलगा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. घरात पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. तेव्हा आतासारखं दोन दिवसांत ऑपरेशन करून उभं करत नसत. पायाला दोरी बांधायची, दोरीला वजन लटकवायचं, आणि हाड जुळेपर्यंत दोन-तीन महिने उताणं पडून राहायचं. म्हातारीला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. सिस्टरनं मला बोलावून सांगितलं, तुझी भाषा आहे, ही खाट तुझी.

मला झालेला आनंद काय सांगू! पहिल्यांदाच एक पेशंट असा आला होता, ज्याच्यापुढं अक्का मुकी होती. मी तोंड उघडल्याबरोबर म्हातारी म्हणाली, “अगं बाई, आपलीच की गं! कुठली तू? माहेर कुठलं? आडनाव काय?” मी सगळं सांगितलं. चार दिवस मी तिच्या खाटेपाशी येता-जाता बोलत होते. गावचं सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, अक्का कशी शहाणपणा करते तेही सांगितलं. म्हातारी हं हं करायची. अक्का पलीकडच्या खाटेवर काम करत असली की मी मुद्दाम आवाज चढवून हसायची.

पाचव्या दिवशी म्हातारीनं बेडपॅन नको म्हणून सांगितलं. दुपारपर्यंत नकोच. “आजी, अंग पुसून घेऊ या की,” म्हटलं तर म्हणाली, “आज राहू दे गं.” मी औषधं आणायला खाली जाऊन आले तर खाटेभोवती पडदा लावलेला, आणि आतून अक्काचा आवाज येतोय, “स्वल्प एत्तम्मा.” जरा उचल गं बाई. आणि म्हातारी वरच्या दांड्याला धरून कंबर उचलते आहे! दुसऱ्या दिवसापासून सिस्टरनं कामं वाटून टाकली. अंग पुसणं, पाठ, बेडपॅन अक्काकडं. भरवणं आणि वेणीफणी माझ्याकडं.

मला वाटलं, जात आड आली. माझं आडनाव तिनं पहिल्याच दिवशी काढून घेतलं होतं. पण मग अक्काची जात तरी तिला कुठं ठाऊक होती? विचारायला दोघींत भाषाच नव्हती. त्यानं तर मी जास्तच पेटले. जिच्याशी एक शब्द बोलता येत नाही ती हवी, आणि मी नको! म्हातारी संत्रं सोलायची, निम्म्या फोडी पानावर अक्कासाठी राखून ठेवायची. मला कधी ‘घे’ म्हणाली नाही असं नाही. पण राखून ठेवलं नाही.

रोज सकाळी अक्का तिचं अंग पुसायची, त्या वेळी माझं काम वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत असायचं, भांडी उकळण्याचं. एकदा मी फडकी न्यायला मधेच परत आले. पडद्याआडून म्हातारीचा आवाज येत होता. हळू, पण धो धो. मी जागच्या जागी थांबले.

“तुला सांगते अक्का, मी पडले ती लाडवापायी गं. मला साखरेचा आजार. सुनेनं बेसनाच्या लाडवांचा डबा फळीवर चढवून ठेवला होता. ती दुपारी पडली होती आडवी. मी स्टूल घेतलं नि चढले.”

“हौदम्मा,” अक्का म्हणाली. कन्नडमध्ये होय गं बाई.

“पडल्यावर आधी काय केलं असेल मी? दुसऱ्या पायानं स्टूल ओट्याखाली सारलं. मग ओरडले. म्हटलं, हिनं फरशी पुसून ओली ठेवली, तिच्यावरून घसरले. अगं, मुलापुढं कुठल्या तोंडानं सांगू, लाडू चोरायला चढले म्हणून? तो तिच्याशी बोलत नाही गं आता. तिच्या हातचा चहा घेत नाही. मला रोज वाटतं आज सांगीन, आणि तो आला की जीभच उचलत नाही.”

“हौदम्मा. स्वल्प एत्तम्मा.”

म्हातारी रडत होती. अक्का पाठीला स्पिरिट चोळत होती, त्याचा चपचप आवाज येत होता. तेव्हा मला कळलं, अक्का का हवी. तिला ऐकणारं माणूस हवं होतं, समजणारं नको होतं. कळलं म्हणून माझी जळजळ कमी झाली का? उलट वाढली. मराठी माझं, आणि मराठीतलं रडं त्या तुमकूरच्या बाईच्या पदरात!

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. नऊ दिवस मी पडद्यामागं उभी राहून चोरून ऐकलं. रोज तेच लाडू, तेच स्टूल, तेच रडं. शेवटी म्हातारीचा चेहरा धुऊन पुसल्यासारखा व्हायचा आणि ती शांत झोपायची.

सून रोज संध्याकाळी डबा घेऊन यायची. तिशीची असेल. खाटेच्या पायथ्याशी चोरासारखी उभी राहायची. एकदा व्हरांड्यात मला म्हणाली, “बाई, फरशी मी कोरडी पुसली होती हो. आता माझं मलाच खरं वाटेनासं झालंय.” मी तेव्हा बोलले नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं मी मनाला समजावत आले की मी न्याय केला. न्याय करायचा असता तर त्याच संध्याकाळी बोलले असते.

दहाव्या दिवशी मी फणी आणि तेलाची बाटली घेऊन म्हातारीकडं गेले. तिचे चार केस विंचरून एवढासा अंबाडा घालायचा, एवढंच तर माझ्याकडं उरलं होतं. बघते तर अंबाडा घातलेला. चापूनचोपून, आमच्याकडं घालतात त्यापेक्षा जरा वरती. म्हातारी आरशाच्या तुकड्यात बघत होती. म्हणाली, “अक्कानं घातला गं. चांगला घातलाय ना?”

मी म्हटलं, “चांगला घातलाय की.”

त्या संध्याकाळी मी सुनेला जिन्याशी गाठलं आणि लाडवापासून स्टुलापर्यंत सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकली. मग माझा हात घट्ट धरला. मी म्हटलं, “माझं नाव मात्र घेऊ नका हं.” ती म्हणाली, “नाही हो घेणार.”

बाईनं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी मुलगा आला तो टोपी हातात घेऊन, मान खाली घालून. मी शेजारच्या खाटेवर एका पोरीला कांजी भरवत होते. तो एवढंच म्हणाला, “आई, लाडू मागितला असतास तर मी दिला नसता का?” म्हातारीचं तोंड पांढरं पडलं. “तुला कुणी सांगितलं?” तो म्हणाला, “इथल्या आयेला तू रोज सांगत होतीस म्हणे.”

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं मला काही सांगितलंच नव्हतं, आणि सकाळच्या त्या वेळी मी टोकाच्या खोलीत असते हे तिला ठाऊक होतं. ती पाहत होती अक्काकडं. अक्का दाराशी चादरी मोजत होती. तिनं मान वर करून नेहमीसारखी हसून विचारलं, “येनम्मा?” काय गं?

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का पडदा लावून आत गेली, आणि लगेच पितळी वाटी खाली पडल्याचा आवाज झाला. म्हातारीनं तिचा हात झिडकारला होता. “हात लावू नकोस मला! सगळं समजत होतं तुला, आणि हो-हो करत होतीस!” अक्का बाहेर आली ती ओल्या हातांनी. सिस्टर धावत आली. म्हातारी माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, ही करील माझं.

झालं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. पाठ, बेडपॅन, अंबाडा, खाट.

अक्कानं मला कपड्यांच्या खोलीत गाठलं. “नानेनु माडिदे?” मी काय केलं गं? तुला त्यांचं बोलणं कळतं, म्हणून तुला विचारते. तिच्या हाताखालचं माणूस तिच्यावर कधी असं ओरडलं नसावं. ती सारखी आपले तळहात बघत होती, म्हणाली, माझी नखं लागली का तिला? पाणी फार कढत होतं का? मी कन्नडमध्ये म्हटलं, म्हातारी आहे, डोकं फिरलंय, मनावर घेऊ नको. आणि चादरी उचलून निघून आले.

पुढं तीन आठवडे म्हातारी माझ्या हातात होती. मी बेडपॅन शेकून द्यायची, वीतभर अंग उघडं करून पुसायची, सगळं अक्कासारखं. म्हातारी हवेबद्दल बोलायची, मुलाच्या कारखान्याबद्दल बोलायची. मी “हो आजी, हो आजी” करत राहायची, म्हटलं आता तरी मनातलं बोलेल. बोलली नाही. एकदाच, मी पाठीला पावडर लावत असताना हळूच म्हणाली, “जपून बोलत जा गं, त्या बाईला मराठी येतं.” मी म्हटलं, “हो आजी.” निम्म्या फोडी आता माझ्यासाठी राखलेल्या असायच्या. मी त्या खाल्ल्या, एकही टाकली नाही.

म्हातारी घरी जायला निघाली त्या दिवशी सून तिला धरून चालवत होती आणि मुलगा मागून काठी घेऊन. दाराशी अक्का बाजूला होऊन उभी राहिली, नमस्काराला हात जोडून. म्हातारी तिच्याकडं न बघता गेली.

दुपारी अक्का आणि मी धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. घडी घालायला जवळ यायचं, पुन्हा मागं सरायचं. चौथ्या-पाचव्या चादरीला माझ्या तोंडून निघालं, “अक्का, सुनेला मी सांगितलं गं. तू काही केलं नाहीस. पडद्यामागं उभी राहून मी ऐकलं, नऊ दिवस. तुझ्यावर जळत होते मी. अजून जळते.” मला रडू फुटलं. अक्कानं चादरीचं टोक खांद्यावर टाकलं, माझ्या पाठीवरून तो मोठा कढत हात फिरवला आणि म्हणाली, “हौदम्मा.”

हेच मला कन्नडमध्ये सांगता आलं असतं. चादरी संपेपर्यंत मी मराठीतच बोलत राहिले.