तीनदा परत आलेली साडी

आधीच सांगते, मी देवीपुढे नारळ ठेवतानाही तो कानाशी हलवून बघणारी बाई. भूतबीत, करणीबिरणी असलं कोणी सांगायला लागलं की मला जांभई येते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलं ते घडलं. तेही भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत.

९८-९९ ची गोष्ट. दादर सोडून आम्ही वसई रोडला नवीन फ्लॅटमध्ये आलो होतो. बिल्डिंगच्या तळमजल्यावर गाळा घेऊन मी दुकान काढलं — 'ठेवणीतलं'. एकदा-दोनदा नेसलेल्या भारी साड्या बायकांनी माझ्याकडे आणून ठेवायच्या; विकली गेली तर थोडं कमिशन माझं, तीन महिन्यांत नाही गेली तर साडी परत. सासूबाई मला 'आमची पदवीधर बोहारीण' म्हणायच्या. म्हणोत बापड्या, दुकान झकास चालायचं!

एप्रिलमध्ये गिरीजच्या सुमनताई आल्या. केळी-नारळाची वाडी, आवाज खणखणीत. त्यांनी एक जांभळी रेशमी साडी काउंटरवर ठेवली. कोरी करकरीत, घडीचे कच्चे टाकेसुद्धा तसेच.

"अहो, नेसलाच नाहीत?"

"घडी मोडायला कोणी नाही ना गं."

नवी साडी आधी जिवाभावाच्या बाईने नेसायची, तिने घडी मोडली की मग आपण. सुमनताईंच्या प्रत्येक साडीची घडी त्यांची धाकटी बहीण नलू मोडायची. पण नऊ वर्षांपूर्वी आईच्या बाराव्याला भाजी कमी पडली, अंदाज कुणाचा चुकला यावरून दोघी कडाकडा भांडल्या, आणि तेव्हापासून अबोला. नलू राहायची कुठे, तर इथेच उमेळ्याला! आता सुमनताईंच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं. सवयीने साडी घेतली गेली आणि मग लक्षात आलं...

"लग्नात दुसरी नेसेन. ही डोळ्यांसमोर नको," त्या म्हणाल्या. पण हात काही साडीवरून निघेना. मला वाईट वाटलं. मी चिठ्ठीवर लिहिलं — 'घडी मोडलेली नाही' — आणि साडी रॅकवर लावली.

साडी आठवड्यात विकली गेली. आणि परत आली! "टाका तोडायला कात्री घेतली, आणि वाटलं आपण दुसऱ्याचं ताट ओढतोय," गिऱ्हाईक म्हणालं. दुसरीने नेली, तीही दोन दिवसांत हजर. का, तर घरात चाफ्याचा वास सुटला आणि त्यांच्याकडे चाफाच नाही. तिसरी तर लाजत म्हणाली, "कुणीतरी 'थांब गं' म्हणालं. प्रेमाने हां... पण म्हणालं." मी मनात म्हटलं, सरळ सांगा ना की रंग आवडला नाही! दर वेळी टाके तपासून घेतले. एकही तुटलेला नव्हता.

लग्नाला आठ दिवस उरले असताना दुपारी एक बाई आपला शालू ठेवायला आली. मी किमतीची चिठ्ठी लिहून, नाव विचारायला वर बघते, तर तिने ती जांभळी साडी रॅकवरून काढून दाताने टाका तोडलासुद्धा!

"अहो, काय करताय!"

"अगं बाई... मला कळलंच नाही. हात आपोआप गेला बघा." ओशाळून ती साडी सावरायला गेली, आणि आतल्या घडीतून सोनचाफ्याचं एक फूल काउंटरवर पडलं. ताजं. पिवळंधमक. देठाला पाण्याचा थेंब. सगळं दुकान घमघमलं.

ती मटकन स्टुलावर बसली. "आई ठेवायची असं," ती म्हणाली. "ताईची नवी साडी माझ्या हातात द्यायच्या आधी घडीत एक चाफा. ती गेली त्या पावसाळ्यात आमचं झाडपण पडलं..."

"तुम्ही... नलू का हो?" मी विचारलं.

साडी कुणाची, ते सांगितल्यावर ती रडायलाच लागली. "भाचीच्या लग्नाची मला साधी पत्रिका नाही आली."

"पत्रिका नाही, साडी आलीय," मी म्हटलं. "नेसा आधी!"

नेसली. मी शटर ओढलं आणि तिच्याबरोबर रिक्षात बसले. खरं सांगू? मला पुढचं बघायचंच होतं.

सुमनताई अंगणात कुरडया उलटत होत्या. जांभळी साडी बघून थबकल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"निऱ्या अजून वरच जातात तुझ्या," त्या म्हणाल्या.

"आणि लग्नात भाजीचा अंदाज कोण घेणार?" नलूने विचारलं.

"तूच घे. कमी पडली तर तुझ्या नावाने ओरडेन!"

मग दोघी हसता हसता अशा रडल्या की मलाही पदर डोळ्यांना लावावा लागला. इतका आनंद मला माझ्या दुकानाने पुन्हा कधी दिला नाही.

फूल आधीपासून घडीत असतं तर सुकलं असतं, रेशमावर डाग पडला असता. डाग नव्हता. कुणी नंतर घालावं, तर टाके शाबूत होते. पंचवीस वर्षं डोकं खाजवतेय, उत्तर नाही.

लग्नात सुमनताई तीच साडी नेसून पंगतीत वाढत होत्या. मी हळूच विचारलं, "ताई, ते फूल आलं कुठून असेल हो?"

माझ्या पानात जिलबी वाढत त्या म्हणाल्या, "तुला फुलाचं पडलंय! नलू आली ते बघ की."