रिलीव्हर आला नाही

गेल्या जूनची नऊ तारीख, सोमवार. रक्कम एक लाख तीस हजार: परत मिळणारी अनामत एक लाख, पहिल्या महिन्याचे सव्वीस हजार आणि प्रवेशाचे चार हजार. हजर होतो मी, माझी बायको, थोरली बहीण आणि अप्पा, म्हणजे माझे वडील. पैसे त्यांच्यासाठीच भरले जात होते आणि ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

जागा चाकणच्या रस्त्यावर, कुरुळीच्या जरा अलीकडची. वृद्धांना कायमचं ठेवून घेणारं दुमजली निवास, पुढे मोठं लोखंडी गेट. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी प्रवेश अर्ज पुढे केला. अप्पांनी चष्मा लावला, तारीख विचारली आणि सही केली. मला हळूच म्हणाले, "मस्टर बदललं जणू."

कारण मी त्यांना सांगितलं होतं की कंपनीने परत बोलावलंय.

अप्पा चिंचवडच्या एका कंपनीत प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनवर, चौतीस वर्षं होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दोन वर्षांपासून त्यांची आठवण सुटत चालली. जेवलेलं विसरत, सुनेला कधी आपली बहीण समजत. पहिली पाळी मात्र विसरले नाहीत. पहाटे पाचला उठून दाढी करायची आणि काळेवाडीच्या नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभं राहायचं. दोनदा ते हायवेवर सापडले. मी चाकणला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, बायको शाळेत शिकवते आणि दोनला घरी येते. सकाळी सात ते दोन घरात कोणी नसायचं. आम्ही बाहेरून कुलूप लावू लागलो. एके दिवशी बायको परतली तेव्हा कडीशी झटून त्यांच्या बोटांची दोन नखं निघाली होती.

त्यानंतर मी जागा शोधल्या. पाच पाहिल्या, वहीत रकाने पाडले: भाडं, परिचारिका, डॉक्टरांचं अंतर, जेवण. ही जागा दोनदा पाहिली, दोन्ही वेळा सकाळी. कुणाला अशी जागा बघायची असेल तर त्यांनी दुपारी चारनंतर जावं. सकाळी सगळीकडे शांतच असतं.

ताईला हे पटलं नव्हतं. "वही भरलीस, अप्पांना एका शब्दानं विचारलंस?"

"मग तुझ्याकडे ने."

"चौथा मजला, लिफ्ट नाही. माहीत असून बोलतोस." आणि थोड्या वेळाने, "खोटं बोलून नेतोयस ना? मग ते खोटं शेवटपर्यंत निभाव."

सोमवारी सकाळी अप्पांनी जुना खाकी शर्ट घातला, बूट पुसले. "सूनबाई, डबा," म्हणाले. बायकोने तीन पोळ्या आणि मेथी दिली. तिचे डोळे भरले होते, पण अप्पा किती तरी दिवसांनी खुशीत होते. निवासात त्यांना शेंगा सोलायला दिल्या, तेही ते मन लावून करू लागले. आम्ही मागच्या मागे निघालो. दोघींना घरी सोडून मी कामावर गेलो.

साडेतीनला माझा फोन वाजला. अप्पा डबा घेऊन गेटवर उभे होते. पाळी सुटली होती, त्यांना घरी जायचं होतं. मी पाळी सुरू होण्याचा विचार केला होता, सुटण्याचा केलाच नव्हता.

"ते ऐकत नाहीत," बाई म्हणाल्या. "काय सांगू?"

मी स्टोअरच्या दारात उभा होतो, आत माल उतरत होता. जे सुचलं ते बोललो. "सांगा, रिलीव्हर आला नाही."

प्रेसवरचा माणूस पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय मशीन सोडत नाही. अप्पांनी चौतीस वर्षांत कधी सोडलं नव्हतं. दहा मिनिटांनी बाईंचा निरोप आला: लगेच ऐकलं, शांत बसलेत. मला बरं वाटलं, ते मी लपवत नाही. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. नव्या माणसाला आठवडाभर घरच्यांनी भेटू नये, असा तिथला नियम होता. मीही फोनवर शांत बसलेत एवढंच ऐकत होतो, झोपतात का हे विचारलं नाही.

आमच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी. ताईचा सकाळीच फोन आला, "नियम गेला खड्ड्यात, बघून ये." मी नऊला पोचलो. अप्पा गेटजवळच्या खुर्चीवर बसले होते, तोच शर्ट, मांडीवर रिकामा डबा. पाय इतके सुजलेले की बूट निघेना. तिथला रखवालदार म्हणाला, "साहेब, बाबा आडवे होतच नाहीत. म्हणतात, मशीन चालू हाय."

मला बघून अप्पा उठायला लागले. "आलास व्हय? चल, तू घे आता मशीन. म्या जातो घरी."

मी त्यांना घेऊन आलो. बूट कापून काढावा लागला.

पुढच्या सोमवारपासून ते तिथेच जातात, पण दिवसापुरते. सकाळी मी कामावर जाताना सोडतो. परतीला त्या रस्त्याने चाकणच्या एका कारखान्याची पहिल्या पाळीची बस काळेवाडीकडे येते. तिच्या चालकाला विचारलं तर म्हणाला, "पाठवा की राव. कार्ड नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला खाली उतरवू का?" नाक्यावर बायको उभी असते. निवासाने अनामत परत केली, सव्वीस हजार जूनच्या दिवसांत धरले, प्रवेशाचे चार हजार बुडाले. आता दिवसाचे मिळून महिन्याला अकरा हजार आणि चालकाला दोन. हे किती दिवस जमेल, सांगता येत नाही. हल्ली ते कधी कधी बसमधून उतरायला नको म्हणतात.

सात जुलैला अप्पांनी पगार मागितला. त्यांची शेवटची पगारपत्रिका कपाटात होती: तासाला अठ्ठेचाळीस, दिवसाला तीनशे चौऱ्याऐंशी. सोळा हजेऱ्यांचे सहा हजार एकशे चव्वेचाळीस मी पाकिटात घालून दिले. त्यांनी बोट ओलं करून दोनदा मोजले.

"आन ओव्हरटाइम?"

"कसला ओव्हरटाइम, अप्पा?"

"तीन राती सोडलं न्हाई मला. रिलीव्हर आला न्हाई."

त्या दिवशी सकाळी त्यांना माझं नाव आठवलं नव्हतं.

मी वही काढली. दुपारी साडेतीन ते सकाळी सात, साडेपंधरा तास. तीन वेळा, म्हणजे साडेशेहेचाळीस. दर दुप्पट, शहाण्णव. चार हजार चारशे चौसष्ट रुपये. अप्पांना रोख दिले, वहीत त्यांची सही घेतली.