इंगोले सरांनी न केलेली सही

दिनकरराव इंगोले सरांची आणि माझी पहिली भेट कंपनीच्या इंजिन विभागात झाली. मोटारसायकलची इंजिने जिथे आखली आणि तपासली जातात, तो हा विभाग. सर त्याचे प्रमुख होते, मी नुकतीच रुजू झालेली अभियंता. माझ्या कागदांवर वाशिम जिल्हा पाहून त्यांनी मान वर केली.

"कोन्या गावची वं तू?"

"मानोऱ्याजवळची, सर."

"घरी गाडी हाय? कितीजन बसता तिच्यावर?"

मला भीती वाटली, पण खरे ते सांगितले. "मावतील तेवढे."

"आन् सोयाबीनचा कट्टा?"

"ते पोतं पुढे, टाकीवर."

सर खळखळून हसले. "बस माय. असंच मानूस मले पाह्यजे होतं."

सर मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या मेडशीचे. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहिताना कडू विषय टाळावेत, असे समितीने सुचवले होते. मी प्रयत्न केला. पण सरांच्या कामाबद्दल लिहायचे आणि ते काम कोणी कसे कापले ते लिहायचे नाही, हे मला प्रामाणिकपणाचे वाटेना. म्हणून जिथे मी स्वतः हजर होते तेवढेच लिहिते. ऐकीव सारे गाळले आहे.

इंजिनाच्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, झडपा उघडणारा एक दांडा फिरतो. सरांच्या इंजिनात तो बेअरिंगवर फिरत असे. खर्च कमी करायचा म्हणून व्यवस्थापनाने ती बेअरिंगे काढायला सांगितली. मग दांडा थेट हेडवर घासत फिरतो. तेल भरपूर असेल तोवर काही होत नाही. तेल जुने झाले किंवा उतरले की हेडच जाते, आणि ते अख्खे बदलावे लागते.

बैठकीत प्रकल्पप्रमुखांनी विचारले, "इंगोले, बेअरिंगशिवाय इंजिन चालतं की नाही, एवढंच सांगा."

रागावले की सर वऱ्हाडीवर येत. "चालते ना साहेब. बिना चपलीचाबी मानूस चालते. उन्हायात या मेडशीले, चालून दाखवा."

कोणी हसले नाही. मी खाली पाहून हसले.

कंपनीच्या चाचणीत गाडीवर एकच माणूस असतो आणि रस्ता गुळगुळीत असतो. सरांनी चाचणीच्या गाड्या भर उन्हाळ्यात आमच्याकडच्या शेलूबाजारच्या रस्त्यावर आणल्या. दोघे जण बसवले, पुढे कट्टा ठेवला, आणि पेरणीच्या धांदलीत आपल्याकडे जसे राहून जाते तसे तेल जुनेच ठेवले. हेड खरवडून निघाली. मोजमापे मी घेतली. एक आकडा इतरांशी जुळेना, म्हणून मी विचारले, पुन्हा मोजून हा खोडू का? सर म्हणाले, "खोडू नको. बाजूले दुसरा लिही." मला अक्षरे आणि पाढे शाळेआधी घरी शिकवले ते माझ्या मोठ्या आईने, म्हणजे थोरल्या काकांच्या पत्नीने. पाटीवरचे चुकलेले उत्तर पुसायचे नाही, शेजारी बरोबर लिहायचे, हा तिचा नियम. तोच नियम एवढ्या मोठ्या कंपनीत पाळणारे सर मला एकटेच भेटले.

त्या मोजमापांकडे कोणी पाहिले नाही. इंजिन बेअरिंगशिवाय बाजारात आले. उन्हाळा आला तशा आपल्याच भागातून गाड्या जाम होऊन येऊ लागल्या. तेव्हा वर एक अहवाल तयार झाला. जास्त वजन लादून गाडी चालवली, सबब ग्राहकाकडून गैरवापर, कंपनी जबाबदार नाही. खाली सरांच्या सहीची जागा, आणि तिच्याखाली माझ्या.

सरांनी तो वाचला आणि टेबलावर ठेवला. "ज्याले तुमी गैरवापर म्हनता ना साहेब, त्याले आमच्याकडं वापर म्हनतात. बायको दवाखान्यात न्यायची, तं मानूस काय दुसरी गाडी करन? हे मानसं आपल्याले आधीपासून ठावूक होते. आपन त्यायलेच गाडी इकली."

"सही करा. नाहीतर विभाग सोडावा लागेल," प्रकल्पप्रमुख म्हणाले.

"मंग सोडला."

त्यांनी माझे नाव खोडले आणि म्हणाले, "चाचणी मी सांगतली. ह्या पोरीनं फक्त मोजलं." आयुष्यात त्यांनी खोडलेले मी पाहिले ते एवढेच. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "सर, माझी मापं खरी आहेत. मीही नाही म्हटलं असतं."

"तुयी नोकरी नवी हाय. माया रागाचा हप्ता तू कायले भरतं?"

इंजिनाच्या आवाजावरून त्यातला बिघाड ओळखणाऱ्या माणसाला त्यानंतर निवृत्तीपर्यंत प्रशिक्षण कक्षात बसवले. नव्या मुलांना कंपनीची मूल्ये शिकवायला. त्या मूल्यांत ग्राहक पहिला होता. सही दुसऱ्या कोणाकडून मिळाली. ज्यांनी बेअरिंगे काढली, त्यांचा बचतीबद्दल सत्कार झाला. त्या सत्काराला टाळ्या वाजल्या, हे आठवले की आजही माझे डोके तापते.

सर आता मेडशीला राहतात. डॉक्टरांनी त्यांना मीठ आणि राग दोन्ही कमी करायला सांगितले आहे, असे त्यांच्या पत्नी सुलभाताई सांगत होत्या. आमच्या विभागात सध्या नव्या इंजिनाचा आराखडा फिरतो आहे. बेअरिंग त्यातही नाही. या वेळी सही माझ्याकडे मागितली आहे. मी केलेली नाही आणि करणार नाही. इथे छापून आले की मला मागे फिरता येणार नाही, म्हणूनच लिहिते.

सरांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे, डोळे, रक्तदाब सारे ठीक राहो. मीठ त्यांनी जरूर सोडावे. राग मात्र तेवढा राहू द्यावा. आम्हाला तो अजून लागणार आहे.