पेडगावात नांगर आला

माझा थोरला भाऊ नौदलातून रिटायर होऊन पेडगावला परतला आणि त्यानं गोठ्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत जहाजांचं संग्रहालय मांडलं. हसू नका! गावानं पोटभर हसून घेतलंय. "प्यायला टँकर, अन् ह्यांची गलबतं बघा," असं पारावर म्हणणारेच आता पाव्हण्यांना घेऊन बघायला येतात. कोकणातल्या सुतारांजवळ बसून दादा सागवानी गलबतं करायला शिकला होता. शिवकाळातली गुराब, मासेमारीचा मचवा, सगळं डोलकाठीपासून सुकाणूपर्यंत हातानं घडवलेलं. मी माहेरी आले की त्या खोल्यांतच असायची, चिमुकली शिडं शिवत.

फक्त आबा आत पाऊल टाकत नव्हते. आबा म्हणजे आमचे वडील. थोरला पोरगा औत सोडून पाण्यावर गेला, हे त्यांच्या जिव्हारी लागलेलं. दादाशी कामापुरतं बोलायचे आणि दिवसभर समोरच्या लिंबाखाली, खोल्यांकडं पाठ करून बसायचे. "ऱ्हाऊ दे गं," दादा वरवर म्हणायचा, पण नवं गलबत तयार झालं की आधी दाराकडं बघायचा. मला लय राग यायचा, दोघांचाही. आबांनी एकदा आत यावं, एवढंच मला हवं होतं.

आणि त्या सकाळी टेम्पो आला! किनाऱ्यावरच्या एका मित्रानं मोडीत निघालेल्या जहाजाचा नांगर पाठवला होता. दादा लहान पोरासारखा अंगणातून ओरडत सुटला, "नांगर आला! नांगर आला! उचलायला गडी बोलवा!"

"नांगराला गडी कशाला? बैल बोलव की!" शेजारचे काका म्हणाले आणि सगळी आळी खो खो हसली.

आबा तेव्हा न्हाणीत होते. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की पोरानं नांगर आणला. गडबडीनं धोतर नेसून ते बाहेर आले. "अगं, हळदकुंकू आण! नारळ कुठाय? आखरीला अक्कल आली म्हणायची ह्याला!" त्यांचा चेहरा असा फुललेला मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण ते संग्रहालयाचा उंबरा ओलांडायलेत हे दिसलं आणि मी जीभ चावली.

आत जमिनीवर गड्यांनी नुकतंच आणून टाकलेलं ते गंजलेलं, भलंमोठं लोखंडी धूड पडलं होतं. आबा थबकले.

"हे काय हाय?"

"नांगर," दादा चाचरत म्हणाला. "जहाजाचा."

मला वाटलं, आता नारळ कुणाच्या तरी डोक्यात बसतोय. पण आबा वाकले. त्या वाकड्या दातावरून त्यांनी हात फिरवला.

"फाळ तर हाय. ह्यानं नांगरता काय?"

"नांगरत न्हाई, आबा. हा समुद्राच्या तळाला रुततो. मग कितीबी वारं सुटू द्या, जहाज जागचं हलत न्हाई."

"म्हंजे धरून ठिवतो?"

"हो."



"मला काय म्हाईत, असलं काई मिळतं म्हणून," आबा म्हणाले. "तू निघालास तवाच एक आणला असता."

दादा तिथंच, सगळ्यांदेखत, मटकन खाली बसला आणि रडायला लागला. आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि नारळ मलाच फोडावा लागला.