सोमवारची चूल

नववीत मनकर्णा पहिली यायची आणि मी दुसरी. एवढ्याशा गोष्टीचा राग माणसाला किती खाली नेतो, हे मला चौदाव्या वर्षी कळलं नाही. कळलं तेव्हा मी मुख्याध्यापिका होते आणि पोरांना शिस्तीवर भाषणं देत होते.

दर्यापूरच्या अलीकडचं आमचं गाव. माझे वडील खुशालराव, घरची काळी जमीन, कणगीत वर्षाचं धान्य. मनकर्णाचे वडील नत्थुजी दुसऱ्याच्या विहिरीवर भाजीचा मळा करायचे. पण शाळेत आम्ही दोघी एका बाकावर. तिला मॅट्रिक होऊन नर्स व्हायचं होतं. सरकारी दवाखान्यातल्या बाईची पांढरी साडी ती मला इतक्यांदा सांगायची की मी वैतागून जायची. नत्थुजींनी तिला एकाच अटीवर शाळेत ठेवलं होतं: चारचौघांत नाव निघालं की शिक्षण बंद.

पासष्ट साली लढाई झाली. धान्य रेशनवर आलं, आणि सोमवारी संध्याकाळी कोणी जेवू नये असं दिल्लीहून आवाहन झालं. आमचे ड्रिलचे देवमन मास्तर पेटलेच. त्यांनी हायस्कुलात ‘सोमवार मंडळ’ काढलं. दंडाला खाकी पट्टी, गळ्यात शिटी, दिवेलागणीला गावातून फेरी. ज्या घराच्या छपरावरच्या कवेलूंमधून धूर निघेल त्या घरच्या पोराचं नाव मंगळवारी प्रार्थनेला वाचायचं. देशाचं काम म्हणून मुलींनाही परवानगी होती. खरं सांगायचं तर आमच्यासाठी ती चैन होती. मुलामुलींनी मिळून हिंडायची गावात तेवढी एकच सोय. कप्तान होता शालिकराम, दहावीतला, उंच, तेल लावून भांग पाडलेला. त्याच्या शेजारून चालायला मिळावं म्हणून मी चिटणीस झाले.

फेरीच्या आधी सगळे माझ्या घरी जमायचे. आई पाच वाजताच भगर, दाण्याची आमटी आणि दुधातली रताळी करून ठेवायची. सोमवारच तो, उपासाचं चालतं. दिवेलागणीच्या आत आमची चूल विझलेली असायची. मग आम्ही तोंड पुसून दुसऱ्यांच्या घरचा धूर हुडकायला निघायचो.

मनकर्णा मंडळात नव्हती. गावचा बाजार सोमवारचा. शाळा सुटली की ती मायसोबत भाजी विकायला बसायची. मंडळात का येत नाहीस, असं मी एकदा मधल्या सुट्टीत विचारलं, तर हसली. “आमचा उपास रविवारीच होऊन जाते, दुर्गे. रेशनचं शुक्रवारी सरते. सोमवारी भाजी इकली का ज्वारी येते, मंग चूल पेटते. कोणाले सांगू नको.”

मी कोणाला सांगितलं नाही. मग सहामाहीचा निकाल लागला. ती पहिली, मी अकरा गुणांनी मागे. त्यानंतरच्या सोमवारी मी शालिकरामला म्हणाले, “आज फेरी मळ्याकून नेऊ.”

नत्थुजींचं घर म्हणजे मळ्याच्या कडेची झोपडी. धूर होताच. आत मनकर्णाची माय माणिकबाई बाजारातून पुढे येऊन भाकरी थापत होती, पहिली तव्यावर पडली होती. दोन लहान पोरं चुलीला चिकटून बसली होती. शालिकराम दारातच थबकला. त्याला लाज वाटली असावी. मला वाटली नाही.

“कालपासून पोट्टे उपाशी हायेत, बाई,” माणिकबाई म्हणाली. “येवढ्या भाकरी होऊ दे.”

“देशासाठी एक सांज निघत नाही?” मी म्हणाले. वाक्य मास्तरांचं होतं. पुढचं मात्र माझं. दाराजवळच्या रांजणातून तांब्या भरला आणि चुलीत ओतला. राख उसळून भाकरीवर बसली, परातीतल्या पिठावर बसली. धाकटा तव्याकडेच बघत राहिला. तेवढ्यात मनकर्णा रिकामी टोपली घेऊन दारात आली. तिनं चूल पाहिली, माझ्या हातातला तांब्या पाहिला.

“तुले ठाव होतं,” एवढंच म्हणाली.

मला ठाऊक होतं.

मंगळवारी प्रार्थनेला तिचं नाव मीच वाचलं, चिटणीस होते ना. मास्तरांनी तिला झेंड्याच्या खांबाशी उभं केलं आणि चारशे पोरांना तिच्याकडे पाठ करून उभं राहायला लावलं. घंटा होईपर्यंत ती हलली नाही. बुधवारी नत्थुजी एकटेच आले. “जित्या माणसायच्या घरी चुलीत पाणी पडलं, मास्तर,” ते म्हणाले. “आता शाळा पुरे.” त्या उन्हाळ्यात त्यांनी तिला अचलपूरला दिली. वार्षिक परीक्षेत मी पहिली आले. वडिलांनी गावभर पेढे वाटले.

तिचं पुढचं आयुष्य मला येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळत गेलं. नवरा टीबीनं गेला. पोराला कडेवर घेऊन ती अमरावतीला आली. आधी डोक्यावर टोपली, मग हातगाडी. मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकून तिनं नितेशला वाढवलं, त्याचं लग्न केलं, दोन खोल्यांचं घर बांधलं. मीही पस्तीस वर्षं अमरावतीतच नोकरी केली. तिची गाडी दिसली की मी रस्ता बदलायची.

यंदा आमच्या गावच्या शाळेचा अमृतमहोत्सव. स्मरणिकेत सोमवार मंडळाचा फोटो छापला आहे, त्यात मी मधोमध. मला विषय दिला, ‘लढाईच्या दिवसांतली आमची शिस्त’. लिहायला बसले आणि पेन पुढे सरकेना. मला मनकर्णाच्या तोंडून ‘जाऊ दे’ एवढे दोन शब्द हवे होते. ते मिळाले असते तर मी सुखानं मेले असते. निमंत्रणपत्रिका घेतली आणि भर दुपारी तिचं घर शोधत गेले.

दार नितेशच्या मुलीनं, आकांक्षानं उघडलं. मनकर्णा खाटेवर मेथी निवडत होती. तिनं मला लगेच ओळखलं.

“बसा, बाई,” म्हणाली. दुर्गे म्हणाली नाही.

मी सगळं सांगितलं. अकरा गुणांचं, शालिकरामचं, आमच्या भगरीचं. बोलताना रडू आलं, ते थांबवलं नाही. ती देठ मोडत ऐकत होती. आत आकांक्षानं गॅस पेटवून चहाचं आधण ठेवलं होतं.

“मले माफ कर, मनकर्णे,” मी म्हणाले.

“मुख्याध्यापक झाल्या म्हणे तुमी.”

“हो.”

“बरं झालं. दोघीतून एक तरी झाली.” मग ती आत वळून म्हणाली, “आकांक्षा, गॅस बंद कर.”

“आजी, चहा मांडला ना.”

“बंद कर. आज सोमवार हाये. बाईयचा उपास असते.”

वार माझ्या ध्यानातही नव्हता. पोरीनं माझ्याकडे बघत बटण फिरवलं. आमच्या वऱ्हाडात वैऱ्यालाही चहाशिवाय उठवत नाहीत. माझा कसला उपास? मधुमेहाची गोळी घेऊन सकाळपासून काही न खाता हिंडत होते. हात कापायला लागले होते, आणि ते तिला दिसत होतं.

“पाणी दे त्यायले,” ती म्हणाली. “पाणी चालते.”

आकांक्षानं तांब्या भरून आणला. मनकर्णानं मेथी बाजूला सारली आणि मी पिते का ते बघत बसली. मी सगळा तांब्या प्यायले. तिनं तो माझ्या हातातून घेतला, पालथा करून पाहिला आणि पुन्हा मेथी पुढ्यात ओढली.